भूत आणि पुरावा : एका रहस्यकादंबरीचे वाचन

(एका जिल्हा ग्रंथालयाच्या वाचक-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ग्रंथालयाच्या मेळाव्यात वक्त्याने एखाद्या थोर ग्रंथाविषयी बोलावे, अशी रीत आहे. मी मात्र आज एका रहस्यकादंबरीविषयी बोलणार आहे. हा विषय कळवला तेव्हा येथील ग्रंथपाल किंचित हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे सर्वांत लवकर फाटतात ती हीच पुस्तके." त्यांच्या या वाक्यातच माझ्या व्याख्यानाचा आरंभ आहे; कारण मला ज्या पुस्तकाविषयी बोलायचे आहे ते मी प्रथम फाटलेल्या स्थितीतच वाचले.

माझे बालपण छोटानागपूरच्या पठाराच्या कडेला असलेल्या एका लहान गावी गेले. आमच्या शाळेत पुस्तकांचे एकच कपाट होते. इंग्रजी थोडेफार उमगू लागले तेव्हा त्या कपाटातून आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी माझ्या हाती आली. कादंबरीची एकंदर प्रकरणे पंधरा आहेत. आमची प्रत अकराव्या प्रकरणापाशी संपत होती. डॉक्टर वॉटसन अंधाऱ्या दगडी झोपडीत पिस्तूल धरून बसले आहेत, बाहेर पावले वाजतात, दारात सावली पडते, एक ओळखीचा आवाज कानी येतो, आणि तेथेच पुस्तक संपते. पुढची चार प्रकरणे कोणी, केव्हा, कशासाठी फाडली, ते शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. सुमारे दोन वर्षे मी ती कथा तशीच मनात बाळगून होतो. त्या माळरानावरचा कुत्रा पिशाच होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांची क्षमा मागून मी कथासूत्र सांगतो. शेवट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. ते एक पाप माझ्याकडून घडणार आहे.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. खडकाळ टेकड्या, आदिमानवाच्या दगडी झोपड्यांचे अवशेष, दाट धुके आणि माणूस गिळणारी दलदल, असा तो प्रदेश. तेथील बास्करव्हिल घराण्यावर एक शाप असल्याची आख्यायिका १७४२ सालच्या एका हस्तलिखितात नोंदलेली आहे. त्या घराण्यातील ह्यूगो नावाच्या उन्मत्त पुरुषाने एका शेतकऱ्याच्या मुलीला पळवून आणून कोंडले. ती निसटली. त्याने तिच्यामागे शिकारी कुत्रे सोडले. शेवटी माळावर ती भीतीने आणि थकव्याने मरून पडलेली आढळली, आणि ह्यूगोच्या गळ्याचा घोट घेत असलेला एक अक्राळविक्राळ काळा प्राणी त्याच्या सोबत्यांनी पाहिला. तेव्हापासून तो प्राणी या कुळाच्या पाठीस लागला, असे लोक मानतात. अनेक पिढ्यांनंतर सर चार्ल्स बास्करव्हिल हे वृद्ध गृहस्थ आपल्या वाड्याच्या यू वृक्षांच्या वाटेवर मरून पडतात. अंगावर जखम नाही, चेहरा मात्र भीतीने विद्रूप झालेला. प्रेतापासून काही अंतरावर त्यांच्या डॉक्टर मित्राला पाऊलखुणा दिसतात. त्या प्रचंड शिकारी कुत्र्याच्या असतात.

मित्रहो, येथे वाचकापुढे दोन वाटा फुटतात. हा गुन्हा आहे की हा शाप आहे? गुन्हा असेल तर शेरलॉक होम्सची आवश्यकता आहे. शाप असेल तर धर्मोपदेशकाची. त्झ्व्हेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० साली फ्रेंच भाषेत लिहिलेल्या ग्रंथात अद्भुत साहित्याचे मर्म या दोन वाटांमधील घुटमळण्यात आहे, असे प्रतिपादन केले. जोवर वाचकाचा निर्णय होत नाही तोवरच ती विशिष्ट भावावस्था टिकते. रहस्यकथा मात्र निर्णयावाचून संपू शकत नाही. म्हणून गुन्हा आणि अतिमानुष यांचे मिश्रण करणारा लेखक एका अवघड दोरीवरून चालत असतो. भूत खरे ठरवले तर गुप्तहेर निरुपयोगी होतो. खोटे ठरवले तर वाचकाला फसवले गेल्यासारखे वाटते.

या प्रश्नाला निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेने आपल्या कादंबऱ्यांतील भुताटकीचे प्रसंग शेवटी लौकिक कारणांनी उलगडून दाखवण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडे देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'तील तिलिस्म जादूचे वाटतात. पण त्यामागे पुष्कळदा यंत्रे आणि कारागिरी असते. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने गुप्तहेरकथेचे दहा नियम घातले. त्यांतील एका नियमाने सर्व अतिमानुष शक्तींना कथेबाहेर काढले. परमेश्वरावर श्रद्धा असणाऱ्या धर्मगुरूने हा नियम घालावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. याउलट जॉन डिक्सन कार यांनी १९३७ सालच्या 'द बर्निंग कोर्ट' या कादंबरीत सर्व तर्कशुद्ध उलगडा करून झाल्यावर शेवटच्या काही पानांत पुन्हा ते दार किलकिले करून ठेवले.

बंगाली वाचकांना या संदर्भात शरदिंदू बंद्योपाध्याय यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. १९३२ मध्ये त्यांनी ब्योमकेश बक्षी हा सत्यान्वेषी निर्माण केला. आणि त्याच लेखणीने वरदा हा भुतांच्या गोष्टींत रमणारा गृहस्थही घडवला. मुंगेर येथील एका कथेत त्यांनी या दोघांना समोरासमोर आणून बसवले. तेथे सत्यान्वेषीची सरशी होते. पुढे शरदिंदू चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईला आले आणि नंतर पुण्यात स्थायिक झाले. त्या वास्तव्यातून निर्माण झालेल्या, महाबळेश्वरची पार्श्वभूमी असलेल्या 'शैलरहस्य' या कथेत मात्र त्यांनी भुताला साक्षीदार म्हणून येऊ दिले. एकाच लेखकाच्या मनात दोन्ही पक्ष सुखाने नांदत होते.

कॉनन डॉयल यांच्या मनात ते तितक्या सुखाने नांदत नव्हते. त्यांचे चरित्र मोठे चमत्कारिक आहे. १८५९ साली एडिंबरो येथे जन्मलेला हा गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर होता. रुग्णाच्या बारीकसारीक लक्षणांवरून त्याचा व्यवसाय आणि वृत्तांत सांगणाऱ्या जोसेफ बेल या आपल्या प्राध्यापकावरून त्याला होम्सची कल्पना सुचली. १८९३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या कथेत त्याने कंटाळून होम्सला धबधब्यात लोटले. त्याच वर्षी तो परलोकविषयक घटनांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या संस्थेचा सभासद झाला. तर्काचा पुतळा बुडाला आणि आत्म्यांचा शोध सुरू झाला, दोन्ही एकाच वर्षी. १९१६ मध्ये त्याने आपली परलोकविद्येवरील श्रद्धा उघडपणे जाहीर केली. १९१८ मध्ये त्याचा मुलगा गेला, पुढच्या वर्षी भाऊ गेला. उर्वरित आयुष्य त्याने मृतांशी संवाद शक्य आहे हे जगाला पटवण्यात वेचले. कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी मानून त्याने १९२२ मध्ये त्यांवर पुस्तकही लिहिले. १९८३ मध्ये, त्या मुली वृद्ध झाल्यावर, त्या पऱ्या कागद कापून केलेल्या होत्या अशी कबुली त्यांनी दिली.

बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन या पत्रकार मित्राकडून डेव्हनच्या भुताळ कुत्र्याच्या दंतकथा ऐकून डॉयल यांनी ही कादंबरी लिहिली. 'स्ट्रँड' मासिकात ती ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात क्रमशः आली आणि १९०२ मध्येच पुस्तकरूपाने निघाली. भुतांवर विश्वास ठेवू पाहणाऱ्या या लेखकाने आपल्या गुप्तहेराला एकही खरे भूत कधी भेटू दिले नाही. याचे मला फार दिवस कोडे होते. आज मला असे वाटते की, स्वतःच्या दुःखासाठी त्याला परलोक हवा होता. पण दुसऱ्यावर आरोप करताना पुरावा इहलोकीचाच हवा, इतके भान त्याच्यातील डॉक्टरने सोडले नव्हते. निदान त्याच्या होम्सने तरी ते सोडले नाही.

आता मी माझ्या फाटलेल्या प्रतीकडे परत येतो.

महाविद्यालयात शिकण्यासाठी शहरात गेलो तेव्हा तेथील ग्रंथालयात मला पूर्ण प्रत मिळाली. उभ्याउभ्याच मी बारावे प्रकरण उघडले. कुत्रा खरा होता, हाडामांसाचा होता. दलदलीतील एका बेटावर लपवून, उपाशी ठेवून, तोंडाला फॉस्फरसचे मिश्रण फासून त्याला सोडले जात असे. सोडणारा स्टेपल्टन हा फुलपाखरे पकडणारा सौम्य निसर्गप्रेमी शेजारी होता. तो त्याच घराण्याचा अज्ञात वारस होता आणि मालमत्तेच्या आड येणारी माणसे त्याला दूर करायची होती. ज्या स्त्रीला तो बहीण म्हणून मिरवीत होता ती त्याची पत्नी होती आणि त्याचा मार खात होती. वाचून मी निराश झालो, हे मान्य करतो. दोन वर्षे सांभाळलेले माझे पिशाच एका रंग फासलेल्या कुत्र्यात संपले होते.

परंतु शेवटच्या प्रकरणात होम्स जे एक सांगतो ते वाचून मी थबकलो. सर चार्ल्सचा वारस हेन्री कॅनडाहून लंडनला येतो तेव्हा हॉटेलात त्याचा एक नवा, कधीही न घातलेला बूट चोरीला जातो. मग जुना, वापरलेला बूट नाहीसा होतो आणि नवा जागेवर परत येतो. हा प्रसंग वाचताना मला केवळ गंमत वाटली होती. होम्स म्हणतो ते असे : नव्या बुटाला माणसाचा वास नसतो, म्हणून तो परत केला गेला. ज्याला जुनाच बूट हवा आहे त्याला कोणाला तरी वास द्यायचा आहे. पिशाचाला वासाची गरज नसते. म्हणून कुत्रा खरा आहे.

मित्रहो, बुटांचा तो प्रसंग चौथ्या-पाचव्या प्रकरणांत आहे. माझ्या प्रतीत अकरा प्रकरणे होती. म्हणजे फाटलेल्या चार प्रकरणांची मला मुळीच गरज नव्हती. उत्तर दोन वर्षे माझ्या हातात होते. मी ते शोधले नाही, कारण मला उत्तर आधीच ठाऊक होते. भूत आहे असे एकदा ठरले, की बूट कोणाचा आणि तो जुनाच का, हे कोण विचारतो?

या ठिकाणी मला गावातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला.

मी ते पुस्तक वाचीत होतो त्याच पावसाळ्यात आमच्या वस्तीत तापाची साथ आली. एक मूल दगावले, दोन वासरे मेली. ओझाने तांदूळ टाकून पाहिले आणि वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवेचे नाव घेतले. ती डायन आहे, असे ठरले. एका रात्री तिला मारहाण झाली. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी तिच्या डोक्याची जखम बांधली. मूल कोणत्या तापाने गेले हे त्यांना ठाऊक होते. ते काही बोलले नाहीत. काही दिवसांनी ती बाई गाव सोडून गेली. पुढल्या वर्षी तिच्या शेतात तिच्या मृत नवऱ्याच्या भावाने नांगर घातला. ते शेत शाळेच्या वाटेवर होते. मी रोज तेथून जात असे. नांगर पाहत असे. ती डायन होती यावर माझा विश्वास होता.

शहरातील त्या ग्रंथालयात, बुटाविषयीचे ते वाक्य वाचताना, मला प्रथम दिसले ते ते शेत.

म्हणून रहस्यकथेतील भूत ही केवळ करमणुकीची बाब आहे असे मी मानीत नाही. बास्करव्हिलच्या आख्यायिकेचा उपयोग स्टेपल्टनला कशासाठी झाला? कुत्र्याने मारावे एवढ्यासाठीच नव्हे. शाप असल्यामुळे कोणी चौकशीच करू नये, यासाठी त्याचा अधिक उपयोग होता. माळावर तो प्राणी पाहणारे शेतकरी जवळ जाऊन पाहणार नव्हते. भीती हेच त्याचे कुंपण होते. आपल्या देशात डायन ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या अनेक घटनांच्या तळाशी जमिनीचा किंवा वारशाचा तंटा सापडतो. या प्रथेविरुद्ध बिहारने १९९९ मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यासाठी अनेक वर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली होती. कायदे आवश्यकच आहेत. परंतु 'यात लाभ कोणाचा?' हा साधा प्रश्न विचारण्याची सवय कायद्याने लागत नाही. ती वाचनाने लागू शकते, असा माझा अनुभव आहे. जरी मला ती उशिरा लागली.

डॉयल यांची १९२४ सालची आणखी एक लहान कथा या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. ससेक्समधील एका घरात परदेशी आई आपल्या तान्ह्या मुलाच्या मानेतून रक्त शोषताना दिसते. ती रक्तपिपासू पिशाच आहे, असे घरात कुजबुजले जाते. होम्स उलगडा करतो तेव्हा कळते की, सावत्र मोठ्या मुलाने मत्सराने बाळाला विषारी बाण टोचला होता आणि आई ते विष चोखून बाहेर काढीत होती. नवऱ्याला मुलाविषयीचे सत्य सांगवत नाही म्हणून ती गप्प बसली होती. जिला पिशाच म्हटले ती प्राण वाचवीत होती. ही कथा लिहिताना लेखक स्वतः देशोदेशी परलोकविद्येवर व्याख्याने देत होता, हे पाहिले म्हणजे मनुष्याच्या मनाची थोरवी आणि विसंगती दोन्ही एकदम जाणवतात.

काही रसिक म्हणतात, उलगडा झाला की भयानक रसाचा भंग होतो. माझे मत वेगळे आहे. चौदावे प्रकरण वाचून पाहा. कुत्रा खरा आहे हे तोवर आपल्याला कळून चुकलेले असते. तरीही धुक्यातून तो तेजाळ जबडा पुढे येतो तेव्हा छाती धडधडते. होम्स आणि वॉटसनदेखील क्षणभर खिळून राहतात आणि त्या क्षणात कुत्रा त्यांना ओलांडून हेन्रीच्या मागे धावतो. हेन्री कसाबसा वाचतो. त्याला आमिष म्हणून पाठवणारा होम्सच होता. बुद्धीचा विजयदेखील निर्दोष नसतो, हे लेखकाने लपवलेले नाही. कादंबरीत दोष आहेत : स्टेपल्टन मालमत्तेवर हक्क कसा सांगणार होता, याचे समाधानकारक उत्तर होम्सलाही देता येत नाही. पण ते दोष आपण सहज विसरतो.

आणखी एक गोष्ट या कादंबरीने मला शिकवली. त्या माळावर गूढे अनेक आहेत. रात्री वाड्यात कोणी स्त्री रडते. नोकर बॅरीमोर मध्यरात्री खिडकीत मेणबत्ती धरून उभा राहतो. टेकडीवर चंद्रप्रकाशात एक अनोळखी आकृती दिसते. एकेक गूढ उलगडते तसा आत माणूस सापडतो. रडणारी स्त्री बॅरीमोरची पत्नी आहे. माळावर लपलेला फरारी कैदी तिचा धाकटा भाऊ आहे. मेणबत्ती त्याला अन्न पोचवण्याची खूण आहे. टेकडीवरची आकृती खुद्द होम्सची आहे. भूत म्हणून ज्याकडे पाहिले त्यात कोठे माया निघाली, कोठे दुःख निघाले आणि एका ठिकाणी लोभ निघाला. उलगड्याने जग रिकामे झाले नाही. ते माणसांनी भरले.

या कथेची आपल्या देशातील रूपांतरेही पाहण्यासारखी आहेत. १९५१ मध्ये बंगालीत 'जिघांसा' आणि १९६२ मध्ये हिंदीत 'बीस साल बाद' हे चित्रपट तिच्या आधारे निघाले. हिंदी चित्रपटात शिकारी कुत्रा मागे पडला आणि जमीनदाराच्या अत्याचाराला बळी पडलेल्या तरुणीच्या आत्म्याची कहाणी आली. ह्यूगोने कोंडलेली शेतकऱ्याची ती मुलगी मूळ कादंबरीत पहिल्याच आख्यायिकेत मरते आणि तिचे नावदेखील आपल्याला कळत नाही. आपल्या मातीत येताच त्या अनामिक मुलीला पुन्हा वाचा फुटली, असे मला वाटते.

समारोप करतो. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी कादंबरीची शेवटची चार प्रकरणे एका वहीत हाताने लिहून काढली आणि ती वही शाळेच्या त्या प्रतीला दोऱ्याने बांधून कपाटात ठेवली. पुढे कित्येक मुलांनी अकरा प्रकरणे छापील आणि चार माझ्या अक्षरात वाचली. वहीच्या पहिल्या पानावर मी एक सूचना लिहिली होती. तीच आज तुम्हालाही करतो : "पान उलटण्यापूर्वी मागे जा आणि बुटांचा प्रसंग पुन्हा वाचा."

ती बाई गावी परत आली नाही. ते शेत आजही तिच्या दिराच्या वंशजांकडे आहे.